हाती खराटा, मुखी हरिनाम : श्री संत गाडगेबाबा

मंदिराचा जीर्णोद्धार हे गावाच्या जीवनातील मोठे मंगल कार्य होय. ज्या देवापुढे वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या माथा टेकला, त्या देवाचे घर पुन्हा उभे राहिले म्हणजे गावाला धन्यता वाटते. अशा कार्यात कोणी रोख देणगी देतो, कोणी वाळूची खेप टाकतो, कोणी नुसते घमेले उचलतो. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत एखादे संतचरित्र असावे हेही ओघानेच आले. मात्र येथे ज्या थोर विभूतीचे चरित्र दिले आहे, ती देवळाच्या गाभाऱ्यात फारशी कधी दिसली नाही. ती दिसली देवळाबाहेरच्या रस्त्यावर, नदीच्या वाळवंटात, गटाराच्या काठी. आणि तिच्या हातात टाळ असण्याच्या आधी खराटा असे. श्री संत गाडगेबाबांचे चरित्र मंदिराच्या स्मरणिकेत का, असा प्रश्न कोणास पडल्यास त्याचे उत्तर या चरित्रातच मिळेल.

जन्म व बालपण

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. हे गाव आज अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात मोडते. वडिलांचे नाव झिंगराजी व मातोश्रींचे नाव सखुबाई. झिंगराजी कष्टाळू होते, पण दारूच्या व्यसनाने त्यांचे शरीर पोखरले. घर खालावत गेले आणि १८८४ साली, डेबूजी अवघा आठ वर्षांचा असताना, पित्याचे छत्र हरपले. दारूमुळे घराची कशी धूळधाण होते हे बाबांना कोणत्याही पोथीतून शिकावे लागले नाही. ते त्यांनी स्वतःच्या ओसरीत पाहिले होते.

सखुबाई मुलाला घेऊन माहेरी आल्या. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे हे ते गाव. तेथे आजोबा हंबीरराव व मामा चंद्रभान यांच्या आश्रयाने डेबूजी वाढला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. गुरे राखणे, गोठा झाडणे, नांगर धरणे, पिकाची राखण करणे ही त्याची शाळा. अंगात कामाची हौस इतकी की, गोठ्यात शेणाचा पो राहू द्यायचा नाही आणि शेतात तण राहू द्यायचे नाही. गुराख्यांच्या संगतीत भजनाचाही नाद लागला. दिवसा काम व रात्री भजन हा पुढील सगळ्या आयुष्याचा क्रम तेथेच बसला.

कर्ज, अंगठा आणि गेलेली जमीन

१८९२ साली डेबूजीचा विवाह कुंताबाईंशी झाला. संसार सुरू झाला, शेतीही बरी पिकत होती. पण मामाच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज होते. चंद्रभान सरळ मनाचे व निरक्षर. पैसे फेडीत राहावे, पावती मागू नये, सावकार दाखवील तेथे अंगठा उठवावा, असा त्या काळच्या असंख्य शेतकऱ्यांचा व्यवहार होता, तसाच त्यांचाही. शेवटी जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या दुःखात मामाही गेले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा डेबूजी नांगर सोडून पळाला नाही, तो त्यांना आडवा झाला. पण कागदापुढे मनगटाचे बळ फार काळ टिकत नाही.

या घटनेने डेबूजीच्या मनावर खोल घाव घातला. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हिशेब समजून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका, असे बाबा पुढे गावोगावी जीव तोडून सांगत, त्याचे मूळ दापुऱ्याच्या त्या शेतात आहे.

बारशाचे जेवण

डेबूजीला पहिली मुलगी झाली. रीतीप्रमाणे बारशाला जातभाईंना जेवण घालणे आले. त्या जेवणात बकरे कापायचे आणि दारू पाजायची असा समाजाचा रिवाज. तो मोडणे म्हणजे वाळीत पडण्याची तयारी ठेवणे. डेबूजीने भांडण केले नाही, व्याख्यान दिले नाही. पंगत बसली तेव्हा पानावर गोडाचे जेवण वाढले. मटण नाही, दारू नाही. कुरकुर झाली, नावे ठेवली गेली. परंतु पंगत गोडावर उठली. ज्याने घरच्या पंगतीपासून सुधारणेला आरंभ केला, त्यालाच पुढे लोकांना चार गोष्टी सांगण्याचा अधिकार प्राप्त झाला.

ऋणमोचनचा घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यात रविवारी तेथे यात्रा भरते. नदीचा उतार चिकणमातीचा. स्नानाला येणारी म्हातारी माणसे आणि कडेवर मूल घेतलेल्या बाया तेथे घसरून पडत. यात्रेला हजारो लोक येत, चिखलाबद्दल कुरकुर करीत आणि घरी जात. डेबूजीही यात्रेला जाई. त्याने कुरकुर केली नाही. त्याने टोपली घेतली आणि उतारावर मुरूम-माती टाकून वाट बांधावयास सुरुवात केली. एक माणूस काम करतो आहे हे पाहून आणखी चार हात पुढे आले. पुढे गृहत्याग केल्यावरही त्यांनी हे काम सोडले नाही व १९०८ च्या सुमारास लोकांच्या मदतीने तेथे घाट उभा राहिला.

बाबांच्या सगळ्या कार्याची किल्ली या घाटात आहे. अर्ज नाही, सभा नाही, अमक्याने करावे अशी वाट पाहणे नाही. जी अडचण दिसली तिला प्रथम आपला हात लावायचा. मग लोक आपोआप येतात. श्रमदान हा शब्द आपल्याकडे पुढे फार प्रचारात आला. बाबांनी ते या शब्दाची वाट न पाहता केले.

गृहत्याग

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजीने घर सोडले. घरी आई होती, पत्नी होती, लेकरे होती. या माउलींनी त्यानंतर जे सोसले ते कोणत्याही तपश्चर्येहून कमी नव्हते. चरित्र सांगताना त्यांचा विसर पडू नये. बाबांच्या मोठेपणाची किंमत सखुबाई आणि कुंताबाईंनीही मोजली आहे.

अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि फुटके गाडगे, असा त्यांचा वेष होता. त्या गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे आणि ऊन-पावसात तेच डोक्यावर पालथे घालायचे. या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबुवा, गाडगे महाराज म्हणू लागले. कोठे गोधडेबुवा म्हणत, कोठे चिंधेबुवा. बाबांना नावाशी कर्तव्य नव्हते. भाकरी मागितली तर आधी त्या घरचे काही काम करावयाचे, अंगण झाडायचे किंवा लाकडे फोडायची. फुकटचा घास घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

आधी खराटा, मग कीर्तन

बाबा एखाद्या गावी येत तेव्हा प्रथम पाटलाच्या वाड्यावर किंवा देवळात जात नसत. वेशीपासून खराटा सुरू होई. रस्ता झाडायचा, उकिरडा लोटायचा, तुंबलेले गटार हाताने मोकळे करायचे. कोण हा वेडा म्हणून पोरे मागे लागत. दुपारपर्यंत गावातले चार जाणते लोक शरमेने का होईना, पण झाडू घेऊन बाहेर येत. संध्याकाळपर्यंत अर्धे गाव हाताला लागलेले असे. मग त्या झाडलेल्या जागेवर रात्री कीर्तन उभे राही.

हे कीर्तनही निराळेच. संस्कृत श्लोक नाहीत, वेदान्ताचा काथ्याकूट नाही. वऱ्हाडी बोली, समोरच्या माणसाला थेट प्रश्न आणि त्याच्याच तोंडून उत्तर. देवाला अंघोळ कोण घालतो, देवाच्या नैवेद्यावर कुत्रे आले तर ते हाकलतो कोण, असे विचारीत विचारीत ते श्रोत्यांना अशा ठिकाणी आणून सोडीत की, माणसाची सेवा हीच देवाची सेवा हे ज्याचे त्यालाच कळून येई. नवसाला बकरे मारू नये, दारू पिऊ नये, लग्नात कर्ज काढू नये, माणसाला अस्पृश्य मानू नये, मुलांना व मुलींना शिकवावे, हेच त्यांचे विषय. मध्ये मध्ये देवकीनंदनाच्या नावाचा गजर होई आणि हजारोंचा समुदाय एका सुरात डोलू लागे. कीर्तन संपले की कोणी पाया पडावयास येण्यापूर्वी बाबा तेथून निघून जात. जो पाया पडे त्याच्या पाठीत काठी बसे. त्यांनी कोणास गुरू केले नाही व कोणास शिष्य केले नाही.

पंढरीच्या वारीतही बाबांचे काम हेच. लाखो वारकरी जमले म्हणजे वाळवंटात किती घाण साचते हे सर्वांस ठाऊक आहे. लोक दर्शनाच्या बारीत उभे असत, त्या वेळी बाबा चंद्रभागेचे वाळवंट झाडीत असत. त्यांची वारी ही अशी पूर्ण होई.

खारेपाटणची रात्र

१९२३ सालची गोष्ट. बाबांचे कीर्तन कोकणात खारेपाटण येथे होते. हे गाव तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. कीर्तन रंगात आले असता मुलगा गोविंद वारल्याची बातमी येऊन पोचली. बाप म्हणून काळजाचे काय झाले असेल ते परमेश्वर जाणे. बाबा क्षणभर थांबले आणि कीर्तन पुढे चालू राहिले. समोर बसलेल्या शेकडो माणसांपैकी कोणाच्या ना कोणाच्या घरी असा घाव पडलेलाच असणार. आपले दुःख त्यांच्या दुःखाहून वेगळे नाही, असे त्यांनी मानले. दुसऱ्यास वैराग्य सांगणे सोपे असते. त्या रात्री बाबांना ते स्वतः आचरून दाखवावे लागले.

धर्मशाळा व हिशेब

बाबांच्या शब्दावर लोक पैसा ओतीत. त्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर अशा अनेक ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. यात्रेला आलेला गरीब माणूस उघड्यावर झोपतो, उघड्यावर विधी करतो आणि मग रोगराई पसरते. त्याला डोक्यावर छप्पर व प्यावयास स्वच्छ पाणी मिळाले पाहिजे, असा यामागे सरळ विचार होता. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरावयास जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. ही वास्तू पुढे १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी सोपविली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात दूरदूरच्या खेड्यांतून रोगी येत आणि त्यांचे नातेवाईक पदपथावर पडून राहत. त्यांच्यासाठीही १९५४ साली धर्मशाळा झाली. याशिवाय अन्नछत्रे, गोरक्षण, शाळा व वसतिगृहे निघाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्यावर बाबांचे विशेष प्रेम होते. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराड येथे काढलेल्या महाविद्यालयास बाबांचेच नाव आहे.

येथे एक गोष्ट सर्व देणगीदारांनी व विश्वस्तांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. लाखो रुपये ज्यांच्या शब्दावर जमले, ते बाबा स्वतः निरक्षर होते. पण अंगठ्याने घर कसे बुडते हे त्यांनी पाहिलेले होते. म्हणून पैसा त्यांनी स्वतःच्या हाती ठेवला नाही. पंच नेमले, संस्थेची रीतसर नोंदणी केली, कागदपत्र पक्के केले. घरच्या माणसांना या वास्तूंचा लाभ किंवा हक्क मिळू दिला नाही. एवढ्या धर्मशाळा बांधणाऱ्याची पत्नी साध्या झोपडीत राहिली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि पुढील व्यवस्था तिच्याकडे आली. लोकांचा पैसा लोकांच्या डोळ्यांसमोर खर्च व्हावा आणि त्याची पै न्‌ पै लिहिलेली असावी, हा धडा बाबांनी घालून दिला. वर्गणीतून होणाऱ्या प्रत्येक कामास तो आजही लागू आहे.

अखेर

बाबांची प्रकृती अखेरच्या वर्षांत खालावली होती, तरी पायाला भिंगरी होतीच. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांपुढे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले. या वार्तेने बाबांना फार दुःख झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच बाबांनी देह ठेवला. ज्यांनी आयुष्यभर घर म्हणून एक जागा धरली नाही, त्यांचा अंतही वाटेवरच झाला. अमरावतीत ज्या ठिकाणी त्यांची समाधी आहे, तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

बाबांनंतर

१९७७ साली बाबांच्या जीवनावर ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट निघाला व नव्या पिढीस त्यांची ओळख झाली. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठास २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले. ज्यांनी पाटी-पेन्सिल हाती धरली नाही, त्यांच्या नावाची पदवी आज हजारो विद्यार्थी घेत आहेत.

२०००-०१ साली महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्या वेळी आर. आर. पाटील हे ग्रामविकासमंत्री होते. गावागावांत स्पर्धा लागली. शौचालये बांधली गेली, शोषखड्डे खणले गेले, गटारे वाहती झाली. लोकांनी फावडी-घमेली घेऊन आपापली गावे झाडून काढली आणि अनेक गावांनी पारितोषिके मिळविली. हे यश लहान नव्हे. पण त्यातून एक गोष्टही दिसून आली. तपासणी समिती येणार म्हणून झाडलेला रस्ता आणि आपला म्हणून झाडलेला रस्ता, यांत फरक असतो. पहिला समितीची गाडी जाईपर्यंत स्वच्छ राहतो. दुसरा रोज स्वच्छ असतो. बाबांनी कोणत्याही पारितोषिकासाठी खराटा धरला नव्हता.

जीर्णोद्धार कशाचा?

देवळावर पैसा खर्च करण्याआधी भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र द्या, असे बाबा सांगत. मग मंदिराच्या जीर्णोद्धाराबद्दल त्यांनी काय म्हटले असते, असा विचार मनात येणे साहजिक आहे. या प्रश्नास बगल देऊन बाबांचा फोटो लावणे हे बाबांना आवडले नसते. देऊळ हे गाव एकत्र येण्याचे ठिकाण आहे. एरवी भावकीच्या वादामुळे एकमेकांच्या ओसरीवर न जाणारी माणसे देवळाच्या कामाला एकत्र घमेले धरतात. ही एकी कळस चढला की संपली, तर खर्च नुसत्या दगड-सिमेंटवर झाला असे होईल. ती पुढे गावाच्या कामी आली, तर जीर्णोद्धार खरा झाला.

गाभारा पुजारी स्वच्छ ठेवतील. पण मंदिराच्या पायरीपासून वेशीपर्यंतचा रस्ता, पाण्याच्या टाकीखालचा चिखल, शाळेमागचा उकिरडा आणि ओढ्यात फेकलेले निर्माल्य हे कोणी पाहायचे? बाबांच्या मार्गाने जावयाचे तर त्यासाठी मोठा निधी लागत नाही. निर्माल्यासाठी मंदिराच्या आवारात एक खड्डा असावा. त्याचे खत होऊन ते आवारातील झाडांनाच घालता येईल. महाप्रसादाच्या पंगतीस पानांच्या पत्रावळी वापराव्यात. थर्माकोल व प्लास्टिकच्या एकदाच वापरून फेकावयाच्या ताट-वाट्यांना राज्यात २०१८ सालापासून बंदी आहे, पण नियमापेक्षा आपली गुरे ते खाऊन मरतात हे कारण अधिक मोठे आहे. झाड लावताना फोटो निघतो, पण उन्हाळ्यात त्याला पाणी घालणाराच त्याचा खरा दाता. आणि महिन्यातून एक सकाळ, लहानथोर, सर्व आळ्यांच्या व सर्व जातींच्या माणसांनी हाती खराटा घेऊन वेशीपासून देवळापर्यंत यावे. मग रात्री भजन करावे. आधी खराटा, मग कीर्तन, हा बाबांचा क्रम उलटा करू नये.

२३ फेब्रुवारीस बाबांची जयंती येते व २० डिसेंबरला पुण्यतिथी. हार-फुले वाहून हे दिवस साजरे होतातच. त्या दोन दिवशी गावातील एकही गटार तुंबलेले राहिले नाही, तर बाबांना ती खरी श्रद्धांजली ठरेल. नव्या मंदिरातील देवही अशा गावात आनंदाने नांदेल.

॥ शुभं भवतु ॥